न घेतलेली माफी

माझ्या मावशीच्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. आम्ही भाचरं त्यांना काका म्हणायचो, बाकी सगळी गल्ली ‘चष्मेवाले’. दुकान म्हणजे जेमतेम दहा पावलांची खोली. पुढे फ्रेमची कपाटं, भिंतीवर खाली खाली बारीक होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता आणि पडद्यामागे काचा घासायचं यंत्र. काका चिमटीत काच धरून ओल्या चाकावर फिरवायचे, उजेडाकडे धरून बघायचे, पुन्हा घासायचे. हात कामात आणि तोंड थट्टेत. एखाद्या आजींच्या नाकावर नवा चष्मा चढवून म्हणायचे, “हा लावून सुनेकडे बघू नका हं. आहे त्यापेक्षा चांगली दिसायची.” मावशी कोपऱ्यात बसून चष्म्याची घरं शिवायची. तिचे टाके मुंगीच्या पावलांएवढे असायचे.

मावशी चव्वेचाळीस वर्षांची असताना तिचं डोकं दुखायला लागलं. संध्याकाळी ती म्हणायची, “अहो, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात.”

“लोकांना साधा दिवा दिसतो, हिला नक्षीदार. आणि वर तक्रार!” काका म्हणायचे.

त्यांनी तिचा नंबर तपासला, काचा बदलल्या. वर्षभरात तीन चष्मे झाले. ती दाराच्या चौकटीला खांदा आपटून घ्यायला लागली, तेव्हा माझी आई म्हणाली, “भावोजी, एकदा डॉक्टरला दाखवा ना.” काका हसले. “चष्मेवाल्याची बायको दुसऱ्याकडे डोळे दाखवायला गेली तर माझ्या दुकानात कोण येईल?”

मग एका दुपारी तिचा डोळा लालभडक झाला, उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात डॉक्टरीणबाई तपासून म्हणाल्या, “काचबिंदू आहे. दाबानं दोन्ही डोळ्यांची नस वाळलीय, नजर आता परत यायची नाही. वर्षभर आधी आणलं असतं तर...” त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं. काका ते पुढे बारा वर्षं पुरं करत बसले.

मावशीनं आदळआपट केली नाही असं नाही. महिनाभर ती काकांशी बोललीही नाही. एका सकाळी मी त्यांच्याकडे होते. ती खिडकीशी बसली होती. रोज तशीच बसून ती देवाशी बोलायची, माहेरच्या माणसाशी बोलावं तशी, मोठ्यानं, भांडतसुद्धा. त्या दिवशी बोलणं संपवून ती उठली, भिंत चाचपत काकांपाशी गेली आणि म्हणाली, “जा, सोडून दिलं. देवही सोडलं म्हणतोय. आता तुम्ही सोडा.”

काका तिच्या पायांवर पडून ओक्साबोक्शी रडले. मला वाटलं, संपलं.

संपलं नव्हतं. काकांनी दुकान अर्ध्या दिवसावर आणलं आणि थट्टा साफ बंद केली. गिऱ्हाईक कोणीही असो, आधी डॉक्टरची चिठ्ठी मागायचे. घरी मावशीला चहाचा कपसुद्धा उचलू देत नव्हते. तिनं आपल्या बोटांनी सगळं स्वयंपाकघर पुन्हा ओळखीचं करून घेतलं होतं. मीठ कुठे, साखर कुठे, शेगडीची कळ किती फिरवायची, सगळं. पण ती उठली की काका धावायचे, “अगं, तू बस. मी आहे ना.” ती भिंतीला टेकून बसायची. लोक म्हणायचे, काय जपतो बायकोला, अगदी तळहातावरच्या फोडासारखं! मावशी एकदा मला म्हणाली, “फोडालासुद्धा कधीतरी वारा लागू द्यावा लागतो गं.”

तिनं एकदा चष्म्याचं घर शिवायला घेतलं. टाके वेडेवाकडे पडले, पण शिवून झालं. तिनं हौसेनं ते काकांच्या हातात दिलं. काकांनी बघितलं, आणि त्यांना रडू फुटलं. तिनं पुन्हा सुईला हात लावला नाही.

देवाचं नाव काकांनी टाकलं होतं. “कुठल्या तोंडानं मागू?” एवढंच म्हणायचे.

बाराव्या वर्षी मावशीच्या हृदयानं दगा दिला. दवाखान्यातल्या खोलीत, सकाळच्या उन्हात, काका तिला चमच्यानं पाणी पाजत होते. मी पायथ्याशी होते. तिनं चमचा बाजूला केला.

“अहो, डोळे माझे गेले आणि रडता तुम्ही. बारा वर्षं मी तुमचं रडणं सांभाळतेय.”

काकांनी चमचा खाली ठेवला.

“मला दिसत नाही याची सवय झाली. पण तुम्ही हसत नाही, त्याची झाली नाही. घरात एक आवाज होता, तोही गेला. देवाकडे मी डोळे मागितलेच नाहीत हो. रोज तेवढंच मागत होते, यांना हसू दे.”

“मी तुझा जन्म नासवला गं,” काका म्हणाले.

“एक वर्ष नासवलंत. ते मी पोटात घातलं. देवानंही घातलं. बाकीची बारा तुम्ही त्या एका वर्षापायी नासवलीत.” तिला धाप लागली. “देव सोडतो म्हणतो आणि तुम्ही नाही म्हणता. त्याच्यापेक्षा मोठे न्यायाधीश झालात का तुम्ही?”

काकांनी तिचा हात कपाळाला लावला. पण ‘सोडलं’ असं काही त्यांच्या तोंडून आलं नाही. ती वाट बघत होती, ते मला दिसत होतं. मग तिनं तोंड उन्हाकडे फिरवलं. तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली.

चार दिवसांनी मी त्यांच्यासाठी डबा घेऊन गेले. काका खिडकीशी, तिच्या जागी बसले होते. दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं खालीवर लागलेली.

“आता दोन अपराध झाले,” ते म्हणाले. “एक डोळ्यांचा. दुसरा बारा वर्षांचा. ती ओंजळ भरून देत होती आणि मी हात मागे घेत होतो. शेवटच्या दिवशीसुद्धा.”

मी म्हणाले, “मग दोन्हींची माफी आता मागा.”

“मागून काय उपयोग? मिळालेलीच आहे, ती सांगून गेली ना. घेता येत नाही, ते दुखणं आहे.” मग एकाएकी, समोर कोणी उभं असावं तसे म्हणाले, “देवा, माझी लायकी नाही. पण ती म्हणाली तू दिलीस. घेतो.”

आणि काका असे रडले की मी दार लोटून घेतलं. ते बारा वर्षांचं ओळखीचं रडणं नव्हतं. त्या रडण्यात स्वतःला शिक्षा करून घेणारा माणूस नव्हता, नुसता बायको गेलेला नवरा होता. तिच्यासाठी ते पहिल्यांदाच रडत होते.

एकदा ‘घेतो’ म्हटलं आणि झालं, असं मात्र घडलं नाही. कधी फोन करून सांगायचे, “आज पुन्हा जमत नाही गं.” मी म्हणायचे, “मग पुन्हा म्हणा.” ते पुन्हा म्हणायचे. तिला सांगायचं राहिलं, हे दुःख काही गेलं नाही, आणि ते जाईल असं त्यांनाही वाटत नाही.

गेल्या महिन्यात काका पहिल्यांदाच माझ्याकडे राहायला आले. जेवले, हात धुतले आणि पंख्याखाली सतरंजीवर आडवे झाले. इतक्या वर्षांत त्यांना असं निवांत पडलेलं मी पाहिलं नव्हतं. ऊन भिंतीवरून सरकत छतापाशी गेलं तरी ते गाढ झोपलेले होते. मुलीनं विचारलं, “आजोबांना उठवू का?”

“राहू दे,” मी म्हटलं.