चौगुले अण्णा आणि बेवारस मशीन

कुठलंही मशीन कायमचं बंद करण्याआधी चौगुले अण्णा त्याला हाक मारत. भरल्या ऑफिसात, मोठ्यानं. "कोण हाय का आत?" मग मान कलती करून क्षणभर ऐकल्यासारखं करत आणि तेव्हाच बटण दाबत. सांगलीच्या विश्रामबागेतल्या ऑफिसात मी रुजू झाले त्या पहिल्याच सकाळी ही हाक ऐकली. नव्या मुलीची फिरकी घेताहेत, असं वाटून मी हसले.

"हसू नको," अण्णा म्हणाले. "ऊस गेल्यावर मागं राहिलेलं वाळकं पाचट पेटवायच्या आधी आमचे वडील रानाभोवती फिरून हाक द्यायचे. एकदा आतनं एक म्हातारा उठून आला. पाचटात ऊब धरून निजला होता." मग चष्मा पुसत म्हणाले, "आई मात्र म्हणायची, माणूस तरी हाक ऐकतो, मुंग्यांना कुठं ऐकू येतंय? शेवटी तिनं पेटवणंच बंद करायला लावलं."

अण्णा मिरजेजवळच्या एका जैन शेतकरी घरातले. उंच, किंचित वाकलेले, शर्टाच्या खिशात कायम बडीशेप. दिवस मावळायच्या आत जेवायचं हा घरचा नेम त्यांनी नोकरीतही सोडला नव्हता. साताऱ्याच्या मुख्य ऑफिसची मीटिंग लांबली, की ते सरळ उठत. "सूर्य काय तुमच्या कॉलसाठी थांबायचा न्हाई," असं म्हणून डबा उघडत.

आमची कंपनी शिरवळपासून मिरजेपर्यंतच्या लहान रुग्णालयांच्या नोंदी भाड्याच्या सर्व्हरवर सांभाळायची. हे सर्व्हर कुठंतरी मुंबईकडं होते. आम्ही कुणी ते डोळ्यांनी पाहिले नव्हते, पण त्यांना मशीनच म्हणायचो. ती उभी करायचं एक सॉफ्टवेअर होतं. कुणासाठी केवढं मशीन हवं याचा नकाशा लिहून दिला, की ते त्याप्रमाणे मांडणी करून देई. जुनं सॉफ्टवेअर हळू होतं आणि काहीही पुसण्याआधी विचारायचं. नकाशाबाहेरच्या मशीनला तर ते हातही लावत नसे.

त्याची नवी आवृत्ती आली तेव्हा सगळ्यांत जास्त खूश अण्णाच होते. त्यांनी सुधारणा मोठ्यानं वाचून दाखवायला सुरुवात केली. तासाभराचं काम मिनिटांत होणार. बिघडलेलं मशीन आपलं आपण दुरुस्त होणार. "लय भारी केलंय गड्यांनी," ते म्हणत होते. पुढच्या ओळीवर त्यांचा आवाज खाली आला. नकाशात नसलेली मशीन बेवारस समजून, त्यांच्या साठवलेल्या प्रतींसकट, न विचारता काढून टाकली जातील.

"न विचारता?" ते स्वतःशीच म्हणाले. पुढच्या सुधारणा त्यांनी वाचल्याच नाहीत.

साताऱ्याला बसणाऱ्या आमच्या वरिष्ठांना, मनोज सरांना, मात्र हीच सुधारणा सर्वांत आवडली होती. ते फोनवर म्हणाले, "अण्णा, वर्षानुवर्षांचा कचरा साचलाय. आपोआप साफ होतोय तर होऊ दे."

"व्हय सर. पण कचरा कुठला आणि माणूस कुठला, हे त्याला कोण सांगणार?"

"नकाशा सांगेल."

"नकाशा आमीच लिहिलाय सर. म्हणून तर भ्या वाटतंय."

बदलाचा दिवस ठरला. तो लांबवायला सर तयार नव्हते. तेव्हा अण्णांनी एक वेगळंच काम काढलं. ते स्वतःच्या गाडीनं रुग्णालयं पालथी घालू लागले. उंब्रजला गेले, शिरवळला गेले. प्रत्येक ठिकाणी कंपाउंडरशेजारी बसून विचारत, "तुमी सकाळी आल्यावर काय काय उघडता? दाखवा बघू." घाईगर्दीत कुणीतरी हातानं उभी केलेली, नकाशात कधी न चढलेली बरीच मशीन त्यांना अशी सापडली. ती त्यांनी नकाशात आणली. ऑफिसात सगळे हसत होते. "अण्णा जनगणनेला निघाले," असं कुणीतरी म्हणालंही. अण्णा हसले नाहीत. त्यांचं बोलणं कमी झालं होतं. बडीशेप मागितली तर खिसा रिकामा असायचा.

शनिवारी दुपारी नवी आवृत्ती चालू झाली. आम्ही पडद्यासमोर उभे होतो. अण्णांनी सवयीनं हाक दिली, "कोण हाय का आत?" पण मान कलती करायलाही वेळ मिळाला नाही. ओळी भराभर वर सरकत होत्या, काढलेल्या मशीनची नावं येत होती आणि जात होती. एका नावाशी अण्णांचा हात एकदम पुढं आला. थांबवायला पडद्यावर काहीच नव्हतं. मग पडदा हिरवा झाला. कुठल्याही रुग्णालयाचा तक्रारीचा फोन आला नाही. सगळं इतकं सुरळीत झालं, की मनोज सरांनी साताऱ्याहून पेढे पाठवायचं कबूल केलं.

अण्णा खुर्चीत बसून राहिले होते. "ते माझं होतं," ते म्हणाले.

साथीच्या दिवसांत मेढ्याच्या एका छोट्या धर्मादाय रुग्णालयासाठी त्यांनी ते घाईनं उभं केलं होतं. डोंगरातल्या वाड्यांवरच्या गरोदर बायकांच्या नोंदी ठेवायला. कुणाचे दिवस कधी भरतात, रक्तगट कोणता, कुणाचं पहिलं बाळंतपण अवघड गेलं होतं. साथ ओसरल्यावर रुग्णालयानं दुसरी सोय केली असेल, असं ते धरून चालले होते. म्हणून सगळीकडं फिरले, पण मेढ्याला गेले नाहीत. त्यांनी तिथं फोन लावला. कदम सिस्टर म्हणाल्या, "आवं अण्णा, तेच तर वापरतोय आमी. आत्ताच उघडत न्हाई म्हणून तुमाला फोन करणार हुते." वह्या ठेवणं त्यांनी कधीच थांबवलं होतं. तसं अण्णांनीच सुचवलं होतं.

त्या मशीनच्या साठवलेल्या प्रती शोधायचा प्रयत्न आम्ही त्या दुपारभर केला. सॉफ्टवेअरनं काम चोख केलं होतं. काहीही शिल्लक नव्हतं.

अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत. रविवारी सकाळी ते मेढ्याला गेले आणि राजीनामा तिथूनच पाठवला. कदम सिस्टरांबरोबर ते वाडी-वाडीवर फिरू लागले. दारात उभं राहून विचारायचं, इथं कुणी पोटुशी आहे का, शेजारी कुणी आहे का, माहेरी गेलेली कुणी आहे का. काही वाड्यांना रस्ता नाही, काहींना फोन लागत नाही. सिस्टरांना जेवढ्या आठवत होत्या तेवढ्या बायका भेटल्या. आठवत नव्हत्या त्यांचं काय, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

इकडं नव्या आवृत्तीचं कौतुक चालू होतं. मेढ्याचा विषय मी काढला, तेव्हा मनोज सर म्हणाले, "नकाशात नव्हतं ना ते?" त्यांचा आवाज रागाचा नव्हता. त्यांना खरोखरच त्यात विचारण्यासारखं काही दिसत नव्हतं.

काल अण्णांचा फोन आला. वाऱ्यानं आवाज तुटत होता. "एक बाई आज सापडली बघ. पार वरच्या वाडीला. अंगावर सूज हाय, डोकं दुखतंय म्हणती. सिस्टर म्हणत्यात, लक्षण बरं न्हाई. डोलीतनं खाली आणतोय."

"अण्णा, अजून किती असतील?"

मागं माणसांच्या धापा ऐकू येत होत्या, कुणीतरी वाट सोडा म्हणून ओरडत होतं. "तेच कळंना झालंय," अण्णा म्हणाले. "सापडली की कळतं, हुती म्हणून."