शनिवारचा कोळसा

आयुष्यात मी एकच नकाशा काढला, आणि त्याच्याएवढा गर्व मला दुसऱ्या कशाचा झाला नाही.

लढाईचे दिवस होते. पेट्रोल कुपनावर गेलं आणि आमच्या मोटार सर्व्हिसच्या मालकांनी पाचही गाड्यांच्या पाठीला लोखंडी ड्रम बसवून घेतले. ड्रममध्ये लाकडी कोळसा भरायचा, खालून पेटवायचा आणि हाताने पंखा फिरवत बसायचं. पाव तास घाम गाळला की कोळशाचा गॅस निघे आणि त्या गॅसवर इंजिन चाले. सपाटीवर चाले, असं म्हणू. चढ लागला की गाडी कण्हायला लागायची आणि उतारू न सांगता खाली उतरायचे.

मी तिथे फेऱ्यांचा कारकून होतो. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, अक्षर बरं, त्यामुळे मालकांनी हे काम माझ्या गळ्यात घातलं. कोणती गाडी एका भरण्यात किती मैल जाते, कोळसा कुठे साठवायचा, जंगलातून तो बैलगाडीने कोणत्या वारी कुठे पोचवायचा, सगळं मी ठरवायचं. मी महिनाभर गाड्यांबरोबर फिरलो. कुठे दम लागतो, कुठे राख काढावी लागते, ते टिपून घेतलं. मग मोठ्या कागदावर पट्टीने रस्ते आखले आणि कोळशाच्या ठाण्यांवर लाल टिंबं दिली. आमचा म्हातारा ड्रायव्हर तो कागद उलटासुलटा करून म्हणाला, "बाबू, अती शहाना त्याचा बैल रिकामा." मला राग आला. त्याला नकाशातलं काय कळतं, असं मी मनात म्हटलं.

रिसोडहून येणारी गाडी शिरपूर, मालेगाव करत जऊळक्याच्या स्टेशनावर जायची आणि दुपारची अकोल्याकडची रेल्वे गाठायची. ती रेल्वे दिवसातून एकदाच. जऊळक्याच्या अलीकडे एक लांब चढ होता. तो चढायचा तर ड्रम नुकताच भरलेला हवा, म्हणून चढाच्या अलीकडे दोन मैलांवर मी लाल टिंब दिलं. तिथे रस्त्याला लागून माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं, सासर होतं. शेत, घर आणि पक्क्या भिंतींचा, कौलारू, कोरडा गोठा. घरचं माणूस कोळसा चोरणार नाही आणि भिजूही देणार नाही. या टिंबावर तर मी विशेष खूश होतो.

बैलगाडीवाल्याला तिकडे जायला शनिवार सोयीचा होता. मी कागदावर शनिवार लिहिला. लिहिताना हात थांबला नाही, हे मला आजही समजत नाही. आमच्या घरी शनिवारी तेल घेत नसत, लोखंड घेत नसत, कोळसा तर नाहीच. काळी वस्तू शनिवारी उंबऱ्याच्या आत आली की मागोमाग शनी येतो, हे मी मायच्या तोंडून बाराखडीच्या आधी ऐकलं होतं. पण पट्टी हातात आली आणि माझं घर माझ्या डोक्यातून गेलं.

तो माघ होता. मध्येच दोन दिवस अवकाळी पाऊस झाला, मग कडक ऊन पडलं. त्याच उन्हाच्या दिवसांत शिरपुरात, आमच्या घरी, मायचं पोट फुगलं. पाणी ठरेना. दुसऱ्या दिवशी सकाळी वैद्य आले, पोटावर हात ठेवून बराच वेळ बसले आणि मला ओसरीवर नेऊन म्हणाले, "आतडं अडकलं वाटते. अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या. आजच्या आज न्या, उद्यावर टाकू नका."

शेजाऱ्याने लगेच बैल जुंपायची तयारी दाखवली. म्हणाला, "आत्ता निघालो तं दुपारची रेल्वे सापडते." मी नको म्हणालो. बैलगाडीत माय हिंदकळेल, आणि आपली मोटार दहाला येतेच आहे. आपली मोटार, असंच म्हणालो मी. त्या क्षणी बैल जुंपले असते तर आम्ही रेल्वे गाठली असती. हा हिशोब मी इतक्या वेळा केला आहे की आता तो करताना रडूही येत नाही.

मोटार वेळेवर आली, चालवायला तोच म्हातारा ड्रायव्हर होता. मागच्या बाकावर गोधडी घालून मायला निजवलं. ती ओठ मिटून पडली होती. खड्डा आला की तेवढी माझं मनगट आवळायची. रस्ताभर मी तिला सांगत होतो की बघ, आपण कसे वेळेत चाललो आहोत.

अक्काच्या घरापाशी गाडी थांबली. मायची अवस्था पाहून अक्काने तोंडाला पदर लावला. मी उतरून गोठ्याकडे गेलो. गोठ्यात कोळसा नव्हता. तो बाहेर, लिंबाच्या झाडाखाली, जमिनीवर रचलेला होता, वर कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या टाकलेल्या.

"अक्का, कोळसा बाहेर काहून?"

"शनवारी आणून टाकला त्यानं," ती म्हणाली. "शनवारी काळं घरात कसं घ्यावं? नाई तरी कसं म्हनावं त्याले, तुह्या कामाचा होता. म्हनून बाहेर ठेवाले लावला. पानी आलं तवा वरून झाकला मी."

खिडकीतून मायने ते ऐकलं. दिवसभरात ती प्रथमच बोलली. म्हणाली, "बरं केलं वं बाई."

मी पऱ्हाट्या बाजूला केल्या. वरचा कोळसा उन्हाने खडखडीत वाळला होता, हातात धरला तर वाजत होता. वेळ नव्हता. मी भरा म्हणालो. अक्का स्वतः टोपल्या भरून देऊ लागली, म्हाताऱ्याने त्या ड्रममध्ये ओतल्या. वरच्या टोपल्या संपून खालच्या कधी सुरू झाल्या, ते कोणी पाहिलं नाही. ढिगाच्या तळाने दोन दिवसांचं पाणी पिऊन ठेवलं होतं. मग अक्का होती त्या लुगड्यानिशी गाडीत चढली आणि तिने मायचं डोकं मांडीवर घेतलं.

चढ अर्धा झाला आणि इंजिन गुदमरलं. उतारू उतरले, ढकलू लागले. गाडी दहा पावलं गेली आणि बंद पडली. म्हातारा आणि मी मागे धावलो. त्याने झाकण उघडलं तर आतून पांढरी वाफ आली. त्याने वरचा एक कोळसा चिमट्याने काढला, तळहातावर दाबला आणि माझ्यासमोर धरला. हात ओला झाला होता.

"बाबू, कोळसा भिजून..."

"हळू बोला," मी म्हणालो. मी त्याचं मनगट धरलं होतं. "पंखा तुटला म्हना. आत अक्का हाये."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नंतर तो पुष्कळ वर्षं जगला, पण ही गोष्ट त्याने कोणाला सांगितली नाही.

आम्ही ओला कोळसा काढला, कोरडा वेचून परत भरला, पुन्हा पेटवला. मी पंखा फिरवत होतो. माझ्या हातांना फोड आले, फुटले, तरी मी फिरवत होतो. नळीच्या तोंडाशी काडी धरायची, गॅस पेटतो का बघायचा, काडी विझायची. आतून मायने विचारलं, "गाडी काहून थांबली?" आणि अक्का म्हणाली, "पंखा तुटला म्हन्तेत. होते आता." मी देवाला काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. मला त्या नकाशाची, त्या लाल टिंबांची, माझ्या सुंदर अक्षराची शिसारी आली.

शेवटी एका उतारूने धावत जाऊन अक्काच्या घरी सांगितलं, तिच्या दिराने बैलगाडी आणली आणि आम्ही मायला तीत घातलं. चढाच्या माथ्यावर पोचलो तेव्हा स्टेशनाकडून शिटी ऐकू आली. रेल्वे येत नव्हती, सुटत होती. बैलांना काय मारलं मी. अक्का म्हणाली, "राहू दे भाऊ, त्याहिचा काय दोष."

दुसऱ्या दिवशीची रेल्वे आली तेव्हा मायला अकोल्याला न्यायचं कारण उरलं नव्हतं.

तेराव्याला पंगत उठल्यावर अक्का माझ्याजवळ येऊन बसली. इकडचं तिकडचं बोलली. मग खाली बघत म्हणाली, "भाऊ, खरं सांग. पंखाच तुटला होता नं?"

"पंखाच," मी म्हणालो. "जुना होता."

ती बरं म्हणाली आणि उठली. मला वाटलं, निदान एवढं तरी मी नीट केलं. चूक माझी होती, शनिवार मी लिहिला होता. तो तिच्या माथी कशाला?

त्यानंतर मी नकाशा पुन्हा हातात घेतला, कारण गाड्या थांबल्या नव्हत्या आणि नोकरी सोडून चालणार नव्हतं. अक्काच्या टिंबापुढचा शनिवार खोडून गुरुवार लिहिला. बैलगाडीवाल्याला निरोप पाठवला, पण तो त्याला मिळाला की नाही याची खात्री नव्हती, म्हणून शनिवारी मी स्वतःच गेलो.

निरोप मिळाला नव्हता. गाडीवान कोळसा टाकून निघून गेला होता. गोठ्याचं दार सताड उघडं होतं. बैल बाहेर लिंबाखाली बांधले होते आणि अक्का एकटी कोळशाच्या टोपल्या आत नेत होती. तिचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. सासू ओसरीवरून ओरडत होती, शनवारचं काय करून राह्यली म्हणून. अक्का तिच्याकडे बघतही नव्हती.

मी जवळ गेलो. म्हणालो, "अक्का, आज शनवार हाये."

"माहीत हाये मले," ती म्हणाली. "धर इकडून."

मी टोपलीचा दुसरा कान धरला.