रशीदचाचांच्या आईचा आवाज

मंडळी, आज सकाळी कुरुळीला एक जुना फोनोग्राफ बघायला गेलो होतो. घरी सांगवीला येऊन दोन तास झाले, तरी मन कशात लागत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय.

यंत्र इतकं विचित्र की बघताक्षणी प्रेमात पडलो. मूळचा कर्णा मोडला म्हणून तुपाच्या डब्याचा पत्रा ठोकून केलेला वाकडातिकडा कर्णा बसवलेला. हे काम मालक रशीदचाचांच्या वडिलांचं. ते मेकॅनिक होते. पन्नासच्या दशकात त्यांनी याच यंत्रावर, मेणाच्या नळीत, बायकोचा आवाज भरून ठेवला. वर्षभरात ती वारली. चाचा तेव्हा पाच वर्षांचे होते.

वाजवलं की मेण झिजतं, म्हणून वडिलांनी ती नळी पेटीत ठेवून दिली. पुढं चाचांनीही ती कधी बाहेर काढली नाही.

आज मात्र म्हणाले, "वाजवा भाऊ. मला तिचा आवाज आठवतच न्हाई."

नळीवर बुरशी दिसत होती. तरी सुई टेकवली. नुसती खरखर. चाचा कर्ण्याला कान लावून शेवटपर्यंत बसले.

"बोलली का ती?"

"नाही, चाचा. बुरशीनं मेण खाल्लंय."

त्यांनी नळी उचलून परत पेटीत ठेवली. मग म्हणाले, "रोज वाजवली असती तर झिजली असती. पर मी ऐकली तरी असती."

यंत्र विकत मागायला गेलो होतो. न मागताच परत आलो.

माझ्या कपाटातही अशा चार नळ्या आहेत. झिजतील म्हणून एकदाही न ऐकलेल्या. तुम्ही काय जपून ठेवलंय?