वानखडे काकांनी बांधलेली शिदोरी

अकोटच्या एसटीतून उतरून वानखडे काका अमरावतीच्या आमच्या अंधशाळेत संगणक दुरुस्तीला आले, की आधी डबा उघडायचे, मग संगणक. मला जन्मापासून दिसत नाही, त्यामुळे त्यांचा चेहरा कसा होता ते सांगता येणार नाही. भाकरी-ठेच्याचा वास आला की काका आले, एवढं कळायचं. "उपाशी मानसानं मशीनले हात लावू नये, मास्तर. सारा राग तिच्यावर निघते," म्हणत अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवायचे. नको म्हटलेलं त्यांना ऐकूच यायचं नाही.

शाळेचा ब्रेल छापणारा प्रिंटर फक्त जुन्या विंडोजवर चालायचा. एका वर्षी परीक्षा तोंडावर असताना जुना संगणक बंद पडला. नवा आणला, तर त्यावर ती विंडोज चढेना. नव्या संगणकाचे कीबोर्ड आणि माउस तिच्या ओळखीचेच नव्हते. पेपर छापले गेले नाहीत, तर मुलांना कुणीतरी आपल्या सवडीनं प्रश्न वाचून दाखवणार होतं. लहानपणी मी ते भरपूर सोसलंय. माझ्या मुलांच्या वाट्याला ते यायला नको होतं.

"थे जुनी आहे, नव्या गावी चालली," काका म्हणाले. "तिले शिदोरी बांधून द्या लागते."

घरी बसून त्यांनी विंडोजच्या इन्स्टॉलेशनमध्येच नव्या संगणकाचे ड्रायव्हर आणि आजवरचे अपडेट घातले आणि पेनड्राइव्ह घेऊन आले. या वेळी विंडोज बिनबोभाट चढली. "झालं, मास्तर," काका म्हणाले. मी कान देऊन बसलो. संगणक गप्प. आवाजाचा ड्रायव्हर राहिला होता, आणि पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रामही. काकांपुढे सगळं चालू होतं, माझ्यापुढे नुसता पंखा घरघरत होता.

काका म्हणाले, "काय मानूस आहो मी. माह्या भुकेनं तुमची शिदोरी बांधली."

पेनड्राइव्ह घेऊन ते अकोटला परतले. पुन्हा आले तेव्हा राहिलेलं सगळं आत होतं, शिवाय इन्स्टॉल होताना विचारले जाणारे प्रश्नही आधीच सोडवलेले. कुणी पडद्याकडे बघायची गरजच नाही. संगणक बोलू लागला तेव्हा मी म्हणालो, "काका, बोलला."

"बोलनच. आता माही गरज काहून पडते?" माझ्या बोटांना सापडावा म्हणून त्यांनी पेनड्राइव्हला गाठीचा दोरा बांधला. "लावा, चालू करा, अन् भाकर खात बसा." पेपर वेळेत छापले गेले.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. त्यांच्या सूनबाईंनी फोनवर सांगितलं.

यंदा परीक्षेच्या आधी संगणकाची डिस्क गेली. दुकानदार नवी बसवून, विंडोज न घालताच निघून गेला. मी दोरा चाचपला, पेनड्राइव्ह लावला, संगणक सुरू केला आणि काकांनी सांगितलं होतं तसा डबा उघडला. खोलीभर ठेच्याचा वास पसरला. भाकरी संपत आली आणि संगणक बोलू लागला.

"काका, बोलला," मी म्हणालो.