आदी बाटली वाचा

कोणतीही वस्तू हातात आली की काका आधी तिला टिचकी मारायचे. चहाचा ग्लास, कलिंगड, नवा बल्ब. एकदा तर माझं हेल्मेट, तेही माझ्या डोक्यावर असताना. टिचकी मारून कान लावायचे आणि निकाल द्यायचे, "भरीव हाय," नाहीतर, "हवा हाय." हेल्मेटच्या वेळी "हवा हाय" म्हणाले आणि गालातल्या गालात हसले.

ही सवय त्यांना नोकरीनं लावली होती. जनावरांच्या दवाखान्यात त्यांनी तीस वर्षं ड्रेसर म्हणून मलमपट्टी करण्यात काढली. इंजेक्शन भरायचं, सुई वर धरायची आणि टिचक्या मारून हवेचा बुडबुडा बाहेर घालवायचा. चांदे गावात सगळे त्यांना डॉक्टर म्हणत. "डॉक्टर न्हाई, ड्रेसर," असं ते प्रत्येकाला सांगत, आणि ऐकणारा "बरं, डॉक्टर" म्हणून चालू लागे.

मी मूळचा लातूरकडचा, हिंजवडीत नोकरीला आणि काकांच्या माडीवरच्या खोलीत भाडेकरू. २००८ साल असावं. कंपनीनं सहा महिने परदेशी पाठवलं होतं, तिथून येताना मी एक जुनी माउंटन बाइक खोक्यात घालून आणली. तुम्ही म्हणाल, लोक सोनं आणतात, अत्तर आणतात आणि हा सायकल घेऊन आला! काकूही हेच म्हणाल्या. काका मात्र तिच्याभोवती तीन चकरा मारून पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले.

"ही चकती कशापायी?"

"ब्रेक आहे, काका. या नळीत तेल असतं. वर मूठ दाबली की तेल खाली जोर लावतं आणि चकती धरली जाते."

"उतारावर धरतो?"

"एका बोटात."

काकांनी चकतीला टिचकी मारली. मग खाली बघतच म्हणाले, "मला येकदा माळावरनं खाली येऊ द्याल?"

ओट्यावर काकूंच्या हातातली परात वाजली. काका गोठ्याकडे गेल्यावर त्यांनीच मला सांगितलं. बऱ्याच वर्षांपूर्वी गावात एक म्हैस अडली होती. निरोप मिळताच काका सायकलवरून माळ उतरू लागले. भर पावसात ब्रेक लागले नाहीत, आणि पायथ्याशी जनावरांना पाणी पाजायची दगडी डोण होती, तिच्यावर जाऊन आदळले. पाय मोडला. ते डोणीपाशी पडून राहिले आणि तिकडे म्हैस गेली, पोटातल्या रेडकासकट.

"म्हशीवाल्यांनी चकार शबुद काढला न्हाई," काकू म्हणाल्या. "पन ह्यांनी सायकल इकली. आजून त्यो उतार चालतच उतरत्यात."

आता तुम्हीच सांगा, अशा माणसाला नाही कसं म्हणायचं? आणि हो तरी कसं म्हणायचं? कारण खोक्यातून उलटीपालटी होत आलेल्या माझ्या सायकलच्या पुढच्या ब्रेकमध्ये हवा शिरली होती. मूठ दाबली की लोण्यात बोट घातल्यासारखी थेट दांड्याला टेकायची. मी काकांना शब्द दिला, ब्रेक कडक झाला की पहिला मान तुमचा. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यानं सांगितलं, जीपचं ब्रेक ऑइल घाला, काम फत्ते. मी बाटली आणली. रविवारी सकाळी अंगणात बसून ब्रेकच्या मुठीजवळच्या तेलाच्या टाकीचं झाकण उघडणार, तोच मनगटावर टिचकी बसली.

"टाकीच्या झाकनावर काय लिवलंय?"

"काही नाही, असंच काहीतरी..."

"आदी वाचा."

बारीक अक्षरांत लिहिलं होतं, फक्त मिनरल ऑइल. जीपच्या तेलानं आतली रबरं कामातून गेली असती, आणि कधी, तर काका उतारावर असताना! मी जीपच्या तेलाची बाटली दूर सरकवली.

"बाटली वाचल्याबिगर सुई न्हाई," काका म्हणाले. "कालिजात येवडंबी शिकिवलं न्हाई व्हय?"

मग ते आत जाऊन लिक्विड पॅराफिनची बाटली घेऊन आले. पोट गच्च झालेल्या म्हशीला पाजायचं औषध. "ह्ये बी मिनरल आईलच." दुसऱ्या दिवशी ऑफिसात पोचल्या पोचल्या मी इंटरनेटवर शोधलं. कुठल्याशा दूरदेशीच्या माणसानं लिहिलं होतं, अडीनडीला चालतं. मी खुर्चीतून जवळजवळ उडालोच!

पुढच्या रविवारी काकांनी जनावरांची ती मोठी सिरिंज उकळून पुसून आणली, सोबत सलाईनची नळी. चाक आणि ब्रेकचे पॅड मी काढून दूर ठेवले, त्यांना तेल लागून चालत नाही. नळी ब्रेकच्या खालच्या तोंडाला जोडली. काका खालून तेल ढकलणार, मी वर उघड्या टाकीत बघत बसणार.

"ये बाई, ये. भिऊ नगंस," काका ब्रेकशी बोलू लागले. खालपासून वरपर्यंत टिचक्या मारत त्यांचा हात चालला होता. टाकीत एक बुडबुडा आला. मग दोन. मग बराच वेळ काहीच नाही. काकांनी डोळे मिटून नळीला एक हलकी टिचकी मारली आणि वाटाण्याएवढा बुडबुडा डुबकन वर आला.

"आला!" मी ओरडलो.

"आला! आला!" काका माझ्याहून मोठ्यानं ओरडले.

काकू धावत बाहेर आल्या. "काय, म्हस व्याली का काय?"

सगळं परत जोडून मूठ दाबली. दगड! काकांनी तिला टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाले, "भरीव हाय."

त्याच दुपारी आम्ही माळावर गेलो. पुढचा ब्रेक एकदम दाबू नका, हे मी दहादा बजावलं. काकू पायथ्याला डोणीजवळ पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. मीही धावत खाली येऊन त्यांच्या शेजारी थांबलो. वर धोतराचा काचा मारलेले, माझं हेल्मेट घातलेले काका दिसले आणि निघाले. पहिल्या वळणाला हळू, दुसऱ्याला जरा जोरात, आणि मग शेवटचा सरळ उतार, जिथे कुणालाही सायकल आवरत नाही.

आवरली! डोणीपासून हातभर अंतरावर, कसलाही आवाज न करता सायकल उभी राहिली. मी नाचायचाच बाकी होतो. काकांनी पाय टेकवला, डोणीच्या दगडावर हात ठेवला आणि काकूंकडे बघून म्हणाले, "आज येळंवर पोचलो."

काकूंनी डोणीतल्या पाण्यानं काकांचं तोंड पुसलं, लहान मुलाचं पुसतात तसं.

पुढे जवळजवळ दोन वर्षं दर रविवारी माळ उतरायचा मान काकांचा होता. मग ते गेले, झोपेतच, आजारपणाशिवाय. मी खोली सोडली तेव्हा काकूंनी ती उरलेली पॅराफिनची बाटली माझ्या हातात दिली. काकांनी तिच्यावर कागद डकवून बॉलपेननं लिहिलं होतं. मी वाचायच्या आधी बाटलीला टिचकी मारली आणि काकू हसता हसता रडल्या. कागदावर लिहिलं होतं, "सायकलचं औषध. म्हशीला देऊ नये."