गाडीतलं मराठी भांडण

राजकारणात माझ्या मैत्रिणीची अक्कल गहाण पडली आहे असं मला वाटायचं, आणि माझी कधी नव्हतीच असं तिला. यावर आमची मैत्री बारा महिने तेरा काळ टिकून होती. दोघी नोएडात एकाच सोसायटीत राहतो, दिल्लीत एकाच सरकारी ऑफिसात नोकरी करतो. गाडी तिची, पेट्रोल अर्धं अर्धं. मागे आमच्याच सेक्शनमधले एक सहकारी बसायचे. बुलंदशहराकडचे, शांत, फोनमध्ये डोकं घालून बसलेले.

सोसायटीत, ऑफिसात, चहाच्या टपरीवर, सगळीकडे मी ज्या बाजूची त्याच बाजूचे लोक. म्हणजे मला कुठे काही पटवून द्यावंच लागायचं नाही, आणि ते मोठं कंटाळवाणं असतं. तिचं उलट होतं. ती बाहेर हिंदीत हवापाण्यावर बोलायची आणि गाडीचं दार लागलं की मराठीत सुरू व्हायची. नांदेडची ती, आवाज असा की शेजारच्या गाडीतला माणूस वळून बघे. मीही काही कमी नव्हते. माझ्या आईच्या ऑपरेशनच्या वेळी तिने आपली सगळी रजा माझ्यासाठी घालवली, आणि हॉस्पिटलच्या बाकावर बसूनसुद्धा माझा पक्ष देशाचं कसं वाटोळं करतोय ते मला ऐकवलं. मी रडत होते, तरी मी उत्तर दिलं. मग आम्ही दोघींनी एका डब्यातलं पिठलं खाल्लं.

मागच्यांना काही कळत नाही, अशी आमची खात्री होती. दिल्लीतल्या मराठी माणसाला हा भ्रम असतोच. आपली भाषा म्हणजे आपली बंद खोली. पण सरकार, विरोध, न्याय, दंगल, आणि पुढाऱ्यांची नावं, हे कळायला मराठी कशाला यावी लागते?

निवडणुकीच्या दिवसांत एकदा चहाच्या वेळी कुणीतरी हसत तिला म्हणालं, "मॅडम, आप तो उधर वाली निकलीं." ती माझ्याकडे बघायला लागली. मागे बसणारे सहकारी भाबडेपणाने म्हणाले, इतकी वर्षं ऐकतोय, समजतं की सगळं, मजा येते. त्यांच्या मनात खरंच काही नव्हतं. पण बोलणं सेक्शनभर झालं होतं. मग रोज चहाबरोबर टोमणे सुरू झाले. मीटिंगला तिला बोलवायचं राहून जायला लागलं. सरकारी ऑफिसात अशी पाटी एकदा लागली की लागली.

एक दिवस मला सहन झालं नाही. मी सगळ्यांसमोर फडाफडा बोलले. कुणालाही राग आला नाही, हेच वाईट. "आप क्यों गुस्सा होती हैं, आप तो अपनी हैं," साहेब मायेने म्हणाले. ती तिथेच उभी होती, हातात कप.

त्यानंतर गाडीत ती माझ्याशी भांडली नाही. मी काहीही म्हटलं की, "बरोबर आहे तुझं." सहकारी असोत नसोत, तेच. गाडी तशीच चालवते, माझ्या भाकरीला नावं तशीच ठेवते. राजकारण निघालं की मात्र मला तेच उत्तर देते, जे ती ऑफिसातल्या बाकीच्यांना देते. मला तिच्याशी भांडायचंय. या शहरात माझं चुकतंय असं तोंडावर सांगणारी एकच बाई होती, आणि मी बरोबर आहे हे तिच्याकडून ऐकताना मला रडू येतं.

परवा सहकारी रजेवर होते. मी मुद्दाम तिची बाजू घेतली. तिचे मुद्दे मला तोंडपाठ आहेत, इतक्या वर्षांत खोडून काढता काढता झालेत. ते सगळे एकेक करून तावातावाने मांडले. म्हटलं, निदान मी चुकीचं मांडतेय म्हणून तरी उखडेल. सिग्नलला गाडी थांबली होती. तिने माझ्या बाजूची अर्धी उघडी काच वर केली.

"असं बोलत जाऊ नकोस गं," ती हळू आवाजात म्हणाली. "तुझं इथे चांगलं चाललंय."