चौकातला जयसिंग

आमची कंपनी म्हणजे टिळक रोडवरच्या एका इमारतीतल्या, जिना चढून गेलं की डाव्या हाताच्या चार खोल्या. पतसंस्था, शाळा, छोटी हॉस्पिटलं यांना आम्ही सॉफ्टवेअर करून देत असू. ग्राहकांच्या तक्रारींचा फोन माझ्या टेबलावर होता. तो वाजला की पलीकडचा माणूस बहुधा एकाच वाक्यानं सुरुवात करी, "जयसिंग साहेब म्हणाले होते, होईल म्हणून."

मग जे होणार नव्हतं ते काय होतं, हे मी ऐकून घ्यायची आणि ते होणार नाही असं सांगून फोन ठेवायची. मला त्याचं काही वाटत नसे. मी नारायण पेठेतली. आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला काय हवंय हे सांगायच्या आत 'नाही' मिळतं.

जयसिंग हडपसरपलीकडच्या मांजरी गावचा. उंच, सावळा, तिशी ओलांडलेला, कायम इस्त्रीच्या शर्टात. ग्राहकाकडे जाऊन सॉफ्टवेअर दाखवायचं, बसवायचं आणि तिथल्या लोकांना शिकवायचं, हे त्याचं काम. ते तो फार छान करी. संगणकाला हात लावायला घाबरणारी बाई त्याच्यासमोर तासभर बसली की स्वतःहून पावती काढून दाखवी. घोळ व्हायचा तो निघताना. कुणीतरी चहाचा कप पुढे करत विचारी, "साहेब, यात अमुकही होईल का?" आणि हा म्हणे, "होईल की." आमचे प्रोग्रामर त्याच्या नावानं दातओठ खात.

एकदा मी त्याला चांगलंच झापलं. "अरे, होत नाही हे तुला माहीत असतं ना?"

"असतं की, श्यामलाताई."

"मग?"

"माणसं एवढ्या मायेनं विचारतात. तोंडावर नाही कसं म्हणायचं?"

हे त्याच्या घरचं वळण होतं. वडील सर्जेराव, मांजरीचे जुने शेतकरी. आजूबाजूला इमारती उठल्या तरी थोडा ऊस राखून असलेले. त्यांच्याकडे कुणी ट्रॅक्टर मागायला येवो, नाहीतर मुलीच्या लग्नाच्या मांडवासाठी जागा, उत्तर ठरलेलं. व्हईल की. पुढे जमलं तर जमलं. नाही जमलं तर मागणाराही समजून घेई, कारण उद्या तो स्वतः दुसऱ्या कुणाला तसंच उत्तर देणार असे. गावात यामुळे कुणाचं अडत नव्हतं. आमच्या फोनवर मात्र अडत होतं.

अशा माणसाला एका मोठ्या कंपनीतून बोलावणं आलं. खराडीला काचेची इमारत असलेली, जगभर पसरलेली कंपनी. कामाचं नाव प्री-सेल्स. विकणारा माणूस ग्राहकाला स्वप्नं दाखवतो, आणि त्याच्या शेजारी बसून या माणसानं यंत्रणा चालवून दाखवायची, ग्राहकाची गरज समजून घ्यायची आणि यातलं काय होईल, काय होणार नाही, ते सांगायचं. जयसिंगनं मला हे समजावून सांगितलं तेव्हा शेवटच्या शब्दांपाशी मी त्याच्याकडे नुसती बघत राहिले.

"सराव करू," मी म्हटलं.

डब्याच्या सुट्टीत आमचा सराव सुरू झाला. मी मागणार, त्यानं नाही म्हणायचं. "जयसिंग, तुझी मोटारसायकल दे रे जरा, मंडईत जाऊन येते." त्यानं चावी काढून माझ्या डब्याशेजारी ठेवली. मला मोटारसायकल चालवता येत नाही, हे त्याला ठाऊक होतं. पुढे पुढे तो कसाबसा "नाही" म्हणायला लागला, पण ते म्हटल्यावर लगेच "राग मानू नका हां" असं जोडायचा. माझी समजूत झाली की एवढं पुरेल.

त्याला ती नोकरी मनापासून हवी होती. आमच्या चार खोल्यांत त्याचं पुढे काही होणार नाही, हे तोही जाणत होता आणि मीही. त्या कंपनीची यंत्रणा त्यानं रोज घरी बसून शिकून घेतली. मुलाखतीच्या पहिल्या दोन्ही फेऱ्या सहज पार पडल्या.

शेवटच्या फेरीत तिघं होते. दिगंबर नावाचे पांढऱ्या केसांचे एक वरिष्ठ, नीरजा नावाची त्यांची सहकारी आणि एक तरुण गृहस्थ. दिगंबर म्हणाले, मी एका हॉस्पिटलचा मालक आहे असं समजा आणि मला तुमची यंत्रणा दाखवा. जयसिंगनं ती दाखवली. नीरजा मधूनमधून मान डोलावत लिहून घेत होती. शिकवायला बसला की तो कसा रंगतो हे मला माहीत आहे, त्यामुळे हा भाग चांगलाच झाला असणार.

मग दिगंबर खुर्चीत मागे रेलले. "आमच्या जुन्या पेशंटांची सगळी माहिती एका रात्रीत या नव्या यंत्रणेत आली पाहिजे. येईल?"

त्याला कित्येक आठवडे लागतात. जयसिंगला ते पक्कं माहीत होतं. तो म्हणाला, "येईल सर."

"इंटरनेट बंद पडलं तरी सगळं चालू राहील?"

"राहील सर."

"आणि आमच्या सगळ्या जुन्या मशिनांवर चालेल?"

"चालेल की सर."

नीरजाचं लिहिणं थांबलं. दिगंबरांनी चष्मा काढला. "जयसिंग, आता मी ग्राहक नाही. मी विचारलं त्यातलं खरोखर काय होऊ शकतं?"

"काहीच होत नाही, सर."

"तुम्हाला हे मघाशीही माहीत होतं?"

"होतं."

"मग होईल असं का म्हणालात?"

इतका वेळ सगळं इंग्रजीत चाललं होतं. याचं उत्तर मात्र त्याच्या तोंडून मराठीत गेलं. "सर, तुम्ही वडीलधारे. पहिल्यांदाच काहीतरी मागितलंत. तोंडावर नाही कसं म्हणायचं?"

तो तरुण गृहस्थ हसला. वाईट हसला नाही, नुसता हसला. नीरजा टेबलाकडे बघत राहिली. जयसिंग मला नंतर म्हणाला, "ताई, त्यानं शिवी दिली असती तरी चाललं असतं." दिगंबरांनी उठून त्याचा हात हातात घेतला आणि सांगितलं की तुमची तयारी चांगली आहे, पण या कामाला तुम्हाला घेता येणार नाही. नाही कसं म्हणतात ते त्यांनी त्याला शिकवलं, एवढंच त्या दिवशी त्याच्या पदरात पडलं.

लाजेनं त्याचे कान घरी पोचेपर्यंत तापलेले होते. ओट्यावर सर्जेराव आणि त्यांचे धाकटे भाऊ दत्तोबा वाट बघत बसले होते.

"झालं का काम?" सर्जेरावांनी विचारलं.

जयसिंग बूट काढायला खाली वाकला आणि म्हणाला, "व्हईल."

दोन दिवसांनी मांजरीच्या चौकात फ्लेक्स लागला. त्यावर जयसिंगचा लग्नातला फोटो, फेटा बांधलेला. खाली 'जगप्रसिद्ध कंपनीत निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', आणि त्याखाली दत्तोबांच्या मित्रमंडळाचे चेहरे. गणपतीपासून वाढदिवसापर्यंत त्या चौकात कशाचाही फ्लेक्स लागतो, पण स्वतःचा, आणि तोही खोटा, म्हणजे काय होत असेल याची मला कल्पना करवेना. जयसिंग चौक टाळून उसाच्या बांधानं ये-जा करू लागला. इस्त्रीच्या पँटला चिखल लागलेला मी पाहिला, विचारलं, तेव्हा त्यानं हे सगळं खाली मान घालून सांगितलं. बायकोलाही त्यानं खरं सांगितलं नव्हतं.

मी भडकले. "आज घरी जा आणि वडिलांना सांग. एक वाक्य आहे. नोकरी मिळाली नाही."

"रविवारी देवळात सत्कार ठेवलाय काकांनी. तिथंच सगळ्यांसमोर सांगतो. घरी सांगितलं तर काकांना पुन्हा गावभर सांगत फिरावं लागेल." मग जरा थांबून म्हणाला, "तुम्ही याल का, ताई? तुम्ही समोर असलात तर बोलता येईल मला."

मला रविवारी कुठेही जायला आवडत नाही. मी हो म्हटलं.

मांजरीत पोचल्यावर पहिल्यांदा तो फ्लेक्सच दिसला. वाऱ्यानं एक कोपरा सुटला होता. देवळापुढे सतरंज्या टाकलेल्या, मागे आमटी-भाताचा वास. दत्तोबांनी मला खुर्चीवर बसवलं आणि माझ्या हातात शाल दिली. "साहेबांच्या हापिसातल्या मॅडम हायेत. त्यांच्याच हस्ते सत्कार." गावासमोर नाही म्हणणं माझ्याच्यानं झालं नाही.

जयसिंगला पुढे बोलावलं. तो उभा राहिला. माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, बोल. त्याचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. दत्तोबा म्हणाले, "लाजतोय," आणि सगळे हसले. मला म्हणाले, "घाला मॅडम शाल." मी उठले, पण पाय पुढे टाकला नाही. जयसिंगनं मान खाली घातली. ती नकारासाठी होती की शालीसाठी, ते मला समजेना.

तेवढ्यात पुढच्या सतरंजीवरून सर्जेराव उठले. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश.

"शाल ऱ्हाऊ द्या, बाई," ते म्हणाले. "पोराचं काम झालेलं न्हाई."

मागे बसलेल्यांनी माना उंचावल्या.

"व्हईल म्हनला ना, तवाच कळलं मला. मी जल्मभर तेच म्हनत आलोय. व्हईल म्हनायचं, आन् मनात ठावं असायचं न्हाई व्हनार म्हनून. त्यानं माझंच उचललंय."

दत्तोबांचा चेहरा उतरला. "दादा, मग मला फ्लेक्स कशापायी लावू दिला?"

"तू एवढ्या हौसेनं इचारलंस," सर्जेराव म्हणाले. "तुला न्हाई कसं म्हनू?"

कुणीतरी फिसकन हसलं. मग बरेच जण हसले. सर्जेरावही ओशाळं हसले, आणि हसता हसता त्यांनी टोपी काढून डोळे पुसले. जयसिंग हसला नाही. सत्तरीच्या माणसाला आपल्यासाठी अख्ख्या गावासमोर आयुष्यात पहिल्यांदा 'नाही' म्हणावं लागलं, हे त्याला दिसत होतं. मी त्याला आमच्या ऑफिसात कितीदा तरी ओशाळलेलं पाहिलं होतं, पण इतकं कधीच नाही.

स्वयंपाक झालेला होता, म्हणून लोक जेवायला बसले. जयसिंग भाताचं घमेलं घेऊन पंगतीत फिरला. कुणाच्या तोंडाकडे न बघता, नुसता पानांकडे बघून वाढत होता. आणखी हवं का, असं विचारायचंही त्यानं टाळलं.

जेवणं झाल्यावर तो मला सोडायला चौकापर्यंत आला. मागून सर्जेराव आले. बापलेकांनी मिळून फ्लेक्सच्या दोऱ्या सोडल्या, एक टोक यानं धरलं, एक त्यांनी, आणि फोटो आतल्या बाजूला घेऊन घडी घातली. "गोठ्यावर टाकू," सर्जेराव म्हणाले आणि घडी काखेत मारून घराकडे वळले. जयसिंग त्यांच्या पाठीकडे बघत राहिला.

"ताई, ते वाक्य माझं होतं ना?"

त्याला बरं वाटेल असं काहीतरी मला सुचत होतं. वडिलांनी सांगितलं तर बिघडलं कुठे, ते काय परके आहेत, असलं काहीतरी. त्याला तेच ऐकायचं होतं आणि मी ते म्हटलं असतं तर त्यानं मुकाट्यानं मानलंही असतं.

"हो, जयसिंग," मी म्हटलं. "ते तूच बोलायला हवं होतंस."

त्यानं मान डोलावली. राग मानू नकोस, हे माझ्या ओठांवर आलं होतं, ते मी तसंच गिळलं आणि हडपसरची बस आली तीत बसले.